पेरणे फाट्यावर, गर्दी नसताना

१ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना द्यायला आपल्यापैकी बहुतेक जण जातात. मीही जातो. पण त्या दिवशी स्तंभ दिसतो तो माणसांच्या डोक्यांवरून. रांग, पोलीस बंदोबस्त, पुस्तकांचे स्टॉल, हरवलेल्या लेकरांची लाउडस्पीकरवरून पुकारलेली नावे. शिलालेख वाचायला सवड कुठली? म्हणून गेल्या नोव्हेंबरात एका साध्या मंगळवारी गेलो. बरोबर आमच्या वस्तीतले आबा आणि त्यांचा अठरा वर्षांचा नातू होता. आबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात मी भरून देतो. त्या दिवशी बँकेतले काम लवकर उरकले, तसे आबाच म्हणाले, "चला, गर्दी नसंल तवा एकदा बघून येऊ."

पुण्याहून नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद मागे टाकले की पेरणे फाटा येतो. स्तंभ अलीकडे, मध्ये भीमा नदी आणि पलीकडे कोरेगाव. आवारात आमच्याशिवाय दोन-चार माणसे होती. आबांनी वहाणा काढल्या, टोपी सारखी केली आणि खाडकन सॅल्यूट ठोकला. बहात्तरीतला तो हात जराही थरथरला नाही.

मग आम्ही नावे वाचू लागलो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कामी आलेल्या कंपनीच्या ४९ शिपायांची नावे इथे कोरली आहेत. त्यांतली २२ 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे आपल्या पूर्वजांची. बाकीची इतर जातींची आहेत, हेही वाचताना विसरू नये. नातू मोबाइलवर फौजेचे आकडे शोधू लागला. आबा म्हणाले, "आकडं राहू दे. पाण्याचं वाच." ते मलाच सांगावे लागले. कॅप्टन स्टाँटनची पलटण ३१ डिसेंबरच्या रात्री शिरूरहून निघाली, रात्रभर चालली आणि सकाळी कोरेगावात अडकली. मग अंधार पडेपर्यंत लढाई. पोटात अन्न नाही आणि नदी डोळ्यांसमोर असून दिवसभर पाण्याचा थेंब नाही.

आबा बराच वेळ नदीच्या बाजूला बघत राहिले. पुढे जे बोलले, ते त्यांच्या घरातही कुणाला माहीत नव्हते.

"मी १९६९ साली भरती झालो. शाळेत घालताना गुरुजींनी वय वर्षानं वाढवून लावलं व्हतं. कागदावर सतरा, खरं सोळा. घरात खाणारी तोंडं सात. सागरला ट्रेनिंग. पहिल्यांदा दोन्ही वेळ पोटभर जेवलो ते तिथं. पायात बूटबी पहिल्यांदाच. १९७१ च्या डिसेंबरात लढाई लागली तवा मी अठराचा. पश्चिम सीमेवर व्हतो. जागा कंची म्हणून इचारू नका, शिपायाला नकाशा कोण दावतो? आमचं जग म्हंजे मोर्चा. थंडीत कडक झालेली माती खोदायची आन् त्यात दोघांनी बसायचं.

"माझा जोडीदार उत्तरेकडचा, वरच्या जातीचा. त्याच्या गावात माझ्या हातचं पाणी कुणी घेतलं नसतं. मोर्चात मातर एक बाटली, दोघांची तोंडं. शकरपारे आले की मोजून निम्मे निम्मे. एका रात्री गोळा पडला. तुकडा त्याच्या पोटात. तो पाणी मागाया लागला. उस्तादनं शिकवलं व्हतं, पोटात लागलेल्याला पाणी द्यायचं न्हाई. अर्धी बाटली माझ्या कमरेला व्हती. म्या दिली न्हाई. नुसता रुमाल वला करून व्हटाला लावला. स्ट्रेचरवाले यायच्या आत तो गेला. तसाबी तो जाणारच व्हता, असं डॉक्टर म्हणला. पर त्यानं मागितलं, आन् म्या न्हाई म्हणलं."

मी काही बोललो नाही. महाडच्या तळ्यावरची माझी भाषणे मला आठवली आणि ती थोडी उथळ वाटली.

नातवाने मात्र विचारले, "आबा, मग मी जाऊ का नको?" त्याला अग्निवीरचा फॉर्म भरायचा आहे. आता नदीकाठी बसून आम्हा तिघांचा हिशोब सुरू झाला. आपल्या लोकांची भरती इंग्रजांनी १८९२ च्या सुमारास बंद केली. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, १११ महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडली. गरज होती तोवर घेतले! १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातींचे जवान आहेत. तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यात पूर्वी हाच स्तंभ होता. नंतर त्या जागी कट्यार आली.

पण आबांचा मुद्दा बिल्ल्याचा नव्हता, पेन्शनचा होता. रामजी सुभेदार पलटणीच्या शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण सगळे जाणतो. फौजेने आपल्या घरांत पगार आणला, तशी पाटीही आणली. आबांच्या पेन्शनवर दोन मुली डी.एड. झाल्या. २०२२ च्या अग्निपथ योजनेत नोकरी चार वर्षांची. शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस पुढे कायम होणार, बाकीच्यांना एकरकमी निधी देऊन घरी. पेन्शन नाही. मी बी.कॉम. माणूस, कागदावर दोन्हींची बेरीज मांडून दाखवली. पोरगा गप्प झाला. त्याचा बाप कंपनीत कंत्राटावर आहे; चार वर्षांचा पक्का पगार त्याच्या घराला थोडका नाही, हेही मला दिसत होते.

आबांनी हो म्हटले नाही, नको म्हटले नाही. उठताना त्यांनी पिशवीतली पाण्याची बाटली काढली, नातवाला दिली, मला दिली, मग स्वतः प्यायले.

परतीच्या बसमध्ये उभे राहावे लागले. एका मुलीने आबांना जागा दिली. लोणीकंदपर्यंत ते डोळे मिटून होते. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाले, "फारम भरायचा तर भर. पर कॉलेजातलं नाव काढू नगंस. आन् जन्मतारीख खरी लाव."