गुरगुरणारा ड्रायर

‘‘बाई, गणवेश वाळलाच नाही.’’

जुलै महिन्यात तिसरीतल्या एका मुलाने रंगीत कपड्यांत येऊन हे कारण सांगितलं, तेव्हा मी त्याला परिपाठ संपेपर्यंत बाजूला उभं केलं होतं. रोज काही ना काही कारण, असं मला वाटलं. आमच्या घरी कपडे धुण्याचं मशीन आहे, त्याला ड्रायर आहे. कपडे न वाळण्याचा प्रश्न मला कित्येक वर्षांत पडलाच नव्हता.

तो पडला १४ ऑगस्टला, संध्याकाळी सात वाजता! दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला माझ्या लेकीचं लेझीम. पांढरा गणवेश धुऊन ड्रायरमध्ये टाकला, बटण फिरवलं, तर आतून नुसता घूंऽऽ असा आवाज.

‘‘आई, हे नुसतं गुरगुरून राहिलं. फिरतच नाहीये!’’

बाहेर दोन दिवसांपासून झड लागलेली. मेकॅनिकला फोन केला. ‘‘मोटर गेली असन ताई. दोन-अडीच हजार पकडून चाला. पन मी सोळा तारखेनंतरच येईन.’’ सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्याले एक धपाटा दे, होते सुरू.’’ दिला. काही झालं नाही.

मुलांनो, याला ड्रायर म्हणतात खरं, पण आपल्याकडच्या दोन टाक्यांच्या मशीनमधला ड्रायर कपडे तापवत नाही. अमेरिकेत घरोघरी गरम हवेचे ड्रायर असतात, तसा हा नव्हे. हा नुसता फिरतो, मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे! फुगडी खेळताना वेणी कशी बाहेर फेकली जाते? तसंच. कपड्यांना टोपलीची भिंत अडवते, पाण्याला मात्र भोकं सापडतात आणि ते निसटतं. उरलेली ओल हवेने न्यायची. मे महिन्यात आपल्या नागपूरची हवा ४५ अंशांत इतकी कोरडी असते, की गच्चीवरची चादर बघता बघता कडक होते. ऑगस्टमधली हवा आधीच वाफेने भरलेली, ती आणखी ओल कुठे ठेवणार?

गणित चुकलं की मी वर्गात सांगते, सगळं खोडू नका, कोणती पायरी चुकली ते शोधा. म्हटलं, इथेही तेच करून पाहू.

गुरगुर होते आहे, म्हणजे वीज मोटरपर्यंत पोचते आहे. तेव्हा प्लग, टायमर, झाकणाखालचा स्विच, तिघेही निर्दोष. आता प्लग काढून टाकला. (हे सगळ्यात आधी, आणि मोठं माणूस जवळ असतानाच. मागच्या बाजूला कपॅसिटर नावाची डबी असते, तिच्यात प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. मी तिला हात लावला नाही, तुम्हीही लावू नका.) हा कपॅसिटर मोटरला पहिला धक्का देतो. तो गेला असता तरी अशीच गुरगुर झाली असती, पण मग टोपली हाताने सहज फिरायला हवी.

पेचकसने मागचं पॅनेल काढलं. झाकण उघडं असलं की ब्रेक लागलेला असतो, म्हणून लेकीला झाकण लावायला-उघडायला सांगितलं आणि मी मागून पाहत राहिले. लावलं की ब्रेकची पट्टी सुटत होती, उघडलं की चिकटत होती. ब्रेकही निर्दोष! मग झाकण बंद ठेवून मोटरवरचं चाक हाताने फिरवून पाहिलं. इंचभरही हलेना.

कोणीतरी आतून धरून ठेवलं होतं.

टॉर्च घेऊन टोपली आणि बाहेरची टाकी यांच्यामधल्या फटीत पाहिलं. अगदी तळाशी, दांड्याला गुंडाळलेलं काहीतरी निळं. तारेचा हँगर सरळ करून, टोकाला आकडा करून, पाऊण तास आम्ही दोघी गळ टाकून बसलो. निघाला तो लेकीचा मोजा. कपड्यांवर ठेवायची जाळीची चकती मी घाईत कधीच ठेवत नाही, त्यामुळे तो वरून उडून खाली गेला असणार. त्याचा जोडीदार मी मागच्याच आठवड्यात खिडक्या पुसायला घेतला होता.

पॅनेल लावलं, प्लग लावला, टोपली फिरली. आणखी चार वेळा अडलेलं मशीन तसंच चालवून पाहिलं असतं, तर मोटर तापून खरंच जळाली असती.

पंधरा ऑगस्टला तो तिसरीतला मुलगा पांढऱ्या सदऱ्यात रांगेत उभा होता. कॉलर ओलसर दिसली.

‘‘कसा वाळवला रे?’’ मी हळूच विचारलं.

‘‘आईने इस्त्री फिरवली, बाई.’’

‘‘मग त्या दिवशी का नाही फिरवली?’’

‘‘त्या दिवशी लाइट गेली होती ना, बाई.’’