अनोळखी सरोवरांच्या प्रदेशात जाण्यापूर्वी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या ईशान्य भागात, कॅनडाच्या सीमेला लागून, 'बाउंडरी वॉटर्स' नावाचा सरोवरांचा अरण्यप्रदेश आहे. क्षेत्रफळ सुमारे ११ लाख एकर असून त्यात लहानमोठी हजाराहून अधिक सरोवरे आहेत. हिमयुगात सरकत्या बर्फाने खडक खरवडले, खोलगट जागा निर्माण झाल्या आणि बर्फ वितळल्यावर त्या पाण्याने भरल्या. १९६४ चा अरण्यसंरक्षण कायदा आणि त्यानंतर १९७८ साली झालेला स्वतंत्र कायदा यांमुळे हा प्रदेश आजही अस्पर्श राहिला आहे. आत रस्ता नाही, उपाहारगृह नाही, बहुतेक सरोवरांवर यंत्रचलित नावेलाही मज्जाव आहे. वल्ह्याने चालणारी 'कनू' ही अरुंद, हलकी होडी आणि तंबू, एवढ्यावरच तेथे राहावे लागते.

आमचे चिरंजीव मिनियापोलिस येथे नोकरी करतात. येत्या ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सर्वांनी मिळून तेथे जावे, अशी त्यांची इच्छा. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांची नात, असे पाच जण. माझे वय सहासष्ट. सौभाग्यवतींना पोहता येत नाही. त्यामुळे आमच्यापुढचा पहिला प्रश्न 'कसे जावे' हा नव्हता, 'जावे की नाही' हा होता. कर्जाचा अर्ज समोर आला की त्यातील आकडे तपासूनच होकार वा नकार द्यावा, ही बँकेतील सवय येथे उपयोगी पडली. तो तपास कसा केला, हे वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि अशी आमंत्रणे आता घरोघरी येऊ लागली आहेत.

नकाशा पाहिला की नजर निळ्या पाण्यावर जाते. परंतु या प्रदेशातील खरे श्रम पाण्यावर नसतात. ते दोन सरोवरांच्या मधल्या जमिनीवर असतात. एका सरोवरातून दुसऱ्यात जाताना होडी आणि सारे सामान खांद्यावर घेऊन पायवाट ओलांडावी लागते. या वाटेला 'पोर्टेज' म्हणतात. तिची लांबी 'रॉड' या जुन्या मापात नोंदलेली असते. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट. ओजिब्वे या मूळ रहिवाशांच्या पायांखालच्या या वाटा. पुढे अठराव्या शतकात केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्या पेढ्यांचा मालही याच प्रदेशातून जाऊ लागला. त्यांचे हमाल सुमारे ४१ किलोचा एक असे दोन गठ्ठे एकाच वेळी पाठीवर घेत. लेक सुपीरियरच्या काठावरील 'ग्रँड पोर्टेज' ही वाट तर साडेआठ मैलांची. व्यापाराच्या इतिहासात रस असणाऱ्यांनी तेथील स्मारक अवश्य पाहावे.

आता आमचा हिशेब. प्रवेशासाठी आम्ही सॉबिल हे सरोवर निवडले. लेक सुपीरियरच्या काठच्या टॉफ्टी गावापासून ते सुमारे २४ मैल आत आहे आणि थेट त्याच्या काठापर्यंत मोटार जाते. सॉबिलमधून शेजारच्या ऑल्टन सरोवरात जाण्याची वाट ३० रॉडची, म्हणजे जेमतेम १५० मीटर. ऑल्टनहून बेथ सरोवराची वाट १४० रॉड, म्हणजे ७०० मीटर. बेथहून पुढे ग्रेस सरोवराकडे मात्र सुमारे २८५ रॉड, म्हणजे १४०० मीटरांहून अधिक. चिरंजीवांच्या मनात ग्रेसमार्गे मोठी फेरी करण्याचे होते. परंतु सर्व सामान एका खेपेत जात नाही. एक खेप पोहोचवायची, रिकामे परतायचे, दुसरी खेप न्यायची. म्हणजे प्रत्येक वाट तीनदा चालायची. ग्रेसची वाट अशा रीतीने सव्वाचार किलोमीटरांची होते, आणि त्यातील दोन तृतीयांश ओझ्यासह. वाटेत खडक, मुळे आणि चिखल. हा आकडा कागदावर मांडताच चिरंजीवांनी स्वतःच मोठी फेरी रद्द केली.

ठरले ते असे: पहिल्या दिवशी ऑल्टनला पोहोचून तेथेच तीन रात्री मुक्काम करायचा. ज्यांना उत्साह असेल त्यांनी एक दिवस सामानाविना हलकी होडी घेऊन बेथ पाहून यावे. बाकीच्यांनी काठावर बसावे. कुटुंबाच्या प्रवासाचा वेग सर्वांत अशक्त व्यक्तीच्या चालीने ठरवावा, हे यात्रेला जाणाऱ्यांना सांगायला नको.

शासकीय नियमही आधी समजून घ्यावेत. १ मे ते ३० सप्टेंबर या काळात रात्रीच्या मुक्कामासाठी परवाना लागतो. तो ठरावीक प्रवेशस्थानाचा आणि ठरावीक तारखेचा असतो. रोजची संख्या मर्यादित असल्याने जानेवारीअखेर नोंदणी सुरू होताच तो घेणे बरे. परवान्यावर गटप्रमुखाबरोबर पर्यायी प्रमुखाचेही नाव घालावे, कारण नाव असलेल्यालाच तो हाती मिळतो. एका गटात नऊ माणसे आणि चार होड्या, यापेक्षा अधिक चालत नाहीत. मुक्काम नेमलेल्या जागीच करायचा. मात्र विशिष्ट जागा राखून ठेवता येत नाही, प्रथम येईल त्याला ती मिळते. म्हणून दुपार टळण्याच्या आत जागा गाठावी.

मोठ्या सरोवरावर दुपारी वारा उठला की लाटा उसळतात. पाणी पहाटे ओलांडावे, काठाजवळून जावे आणि वारा असेल तर निमूटपणे थांबावे. थांबणे परवडावे म्हणून परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवला आहे. बँकेला राखीव निधी जसा लागतो, तसा प्रवासाला राखीव दिवस लागतो.

सुरक्षिततेबाबत आम्ही एकही सवलत ठेवली नाही. मिनेसोटात दहा वर्षांखालील मुलांना होडीत तरंगते जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. आम्ही पाचही जण ते घालणार आहोत. थंड पाण्यात पडल्यावर पोहणाऱ्याचाही दम जातो. आत भ्रमणध्वनीला बहुधा संपर्क मिळत नाही, म्हणून उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे यंत्र भाड्याने घ्यायचे आणि आपला मार्ग व परतीची वेळ शेजाऱ्यांकडे लिहून ठेवायची. ज्येष्ठांनी प्रवासविमा घेताना पूर्वीपासूनच्या आजारांविषयीचे कलम नीट वाचावे. माझा रक्तदाब आणि सौभाग्यवतींचा मधुमेह त्यात बसतो की नाही, हे लेखी विचारूनच आम्ही विमा घेतला. औषधे दोन वेगवेगळ्या पिशव्यांत, जलरोधक डब्यांत राहतील.

भोजनाचा विचार आपल्या घरांतून सोपा वाटला. पत्र्याचे डबाबंद अन्न आणि काचेच्या बाटल्या नेण्यास तेथे मनाई आहे. आयत्या पाकिटांत बहुधा कांदा-लसूण असतो. म्हणून मूगडाळ-तांदळाची खिचडी, मेतकूट, भडंग, दशम्या, सुका मेवा असे कोरडे अन्न सूनबाई घरीच बांधणार आहेत. माणशी रोज ७०० ग्रॅम धरले. पाच जणांचे, राखीव दिवसासह पाच दिवसांचे साडेसतरा किलो झाले. पाणी गाळून आणि उकळून प्यायचे. त्या दिवसांत सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो. दिवसाउजेडी जेवण उरकायला भरपूर वेळ मिळतो. त्या रानात काळी अस्वले आहेत. हिंग-लोणच्याचा वास त्यांना लांबून लागेल, तेव्हा सारे अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून दूर ठेवायचे. खरकटी भांडी पाण्यापासून १५० फूट अंतरावर धुवायची, हाही नियमच आहे.

सध्या तयारी चालू आहे ती शरीराची. एका स्नेह्यांच्या दुकानातील वजनकाट्यावर आम्ही ज्वारीच्या पिशव्या भरून घेतल्या. माझी दहा किलोची, सौभाग्यवतींची सहा किलोची. ती पाठीवर घेऊन रोज सकाळी अर्धा तास चालतो. परिचित थांबून विचारतात, 'दळणाला निघालात का?' मिनियापोलिसला पोहोचल्यावर शहरातल्याच एका तळ्यात दोन दिवस वल्हे मारण्याचा सराव करायचा आहे. त्यानंतर सौभाग्यवतींना होडीत बसणे नकोसे वाटले, तर आम्ही दोघे सॉबिलच्या काठावरच, मोटार पोहोचते तेथील तळावर, तंबूत राहू आणि तरुण मंडळी आत जातील. हा पर्याय आधीच सर्वांसमोर ठरला आहे. त्यामुळे ऐन वेळी कोणाला संकोच वाटणार नाही आणि कोणाचा हिरमोडही होणार नाही.

'जावे की नाही' या प्रश्नाला उत्तर मिळाले, ते मार्ग निम्मा केल्यावर. मुलांनी आखलेला बेत झेपणारा नसेल, तर आमंत्रणच नाकारण्याची घाई करू नये. त्यांच्याबरोबर नकाशा घेऊन बसावे, प्रत्येक वाट मोजावी आणि झेपेल तेवढी ठेवावी. एक सरोवर आणि तीन रात्री आम्हाला झेपतील, असा आमचा हिशेब आहे.