एरंडेलाचा वास आणि अण्णांची फियाट

परवा लॅपटॉपवरचे जुने फोटो आवरायला बसलो. 2019 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हाचे. चारशे बारा फोटो, आणि त्यात राजवाडा नाही की बिग बेन नाही. नुसत्या गाड्या! सौ. अजून म्हणते, "जालन्याहून एवढ्या लांब गेलात ते गॅरेजचे फोटो काढायला." तिचं म्हणणं अगदीच चूक नाही.

झालं असं, की निघायच्या आधीच मुलाचा फोन आला. "बाबा, गुडवुडची तिकिटं काढलीत. येताना जुने कपडे आणा." मला वाटलं थट्टा करतोय. पण ते खरंच होतं. इंग्लंडच्या दक्षिणेला चिचेस्टर गावाजवळ गुडवुड आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथे लढाऊ विमानांचा तळ होता. युद्ध संपल्यावर तळाच्या कडेने फिरणाऱ्या रस्त्याचाच त्यांनी ट्रॅक केला आणि 1948 साली तिथे मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. 1966 ला त्या बंद पडल्या. पुढे 1998 साली पुन्हा सुरू केल्या, पण फक्त त्या जुन्या काळातल्या गाड्यांसाठी. म्हणून नाव 'गुडवुड रिव्हायवल'. दर सप्टेंबरात तीन दिवस. बघायला येणारेही बहुतेक त्याच काळातले कपडे घालून येतात.

मी ट्रंकेतून अण्णांचा काळा कोट आणि काळी टोपी काढली. तिथे गेल्यावर दोन-तीन गोऱ्या आजीबाईंनी उलट माझेच फोटो काढले :)

आत शिरल्यावर गाड्या दिसायच्या आधी वास आला. ओळखीचा वास, पण कुठला ते काही केल्या आठवेना. मग एकदम पेटलं... एरंडेल! लहानपणी रविवारी सकाळी आजी नाक दाबून पाजायची ते. जुन्या रेसच्या गाड्यांत एरंडेलापासून केलेलं ऑइल घालायचे, कारण प्रचंड उष्णतेतही ते इंजिनाला धरून राहतं. कॅस्ट्रॉल हे नावसुद्धा एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडलंय. भोकरदनच्या आजीचं औषध सायबाच्या ट्रॅकवर जळताना पाहून मला फार मजा वाटली.

आता फोटोंचं. पहिल्या तासाचे माझे सगळे फोटो वाया गेले. शटर एक हजारांश सेकंदावर ठेवलं होतं. गाडी अगदी स्वच्छ आली, पण चाकाचा एकेक आरा मोजता येईल अशी. म्हणजे दीडशेच्या वेगाने जाणारी गाडी जणू रस्त्यात उभी करून ड्रायव्हर विचारात पडलाय! मग शंकरपट आठवला. आमच्या भागात पटाचे फोटो मी पूर्वी पुष्कळ काढलेत. (2014 साली सुप्रीम कोर्टाने बंदी घातल्यावर ते थांबलं. डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने कायदा कायम ठेवला.) बैलजोडी धुरळ्यातून येते तेव्हा शटर साठांशवर आणायचं, पाय रोवायचे, कमरेतून वळायचं आणि जोडीबरोबर कॅमेरा फिरवत राहायचा. बटण दाबल्यावरही थांबायचं नाही. मग बैल स्पष्ट येतात आणि मागची माणसं, झाडं पुसली जातात. तेच इथे केलं. एकूण नऊ फोटो बरे आले. त्यातला एक ई.आर.ए.चा आहे. या इंग्लिश गाड्या 1930 च्या दशकात बांधल्या गेल्या, त्याही विसाच्या आतच. फोटोत चाकं फिरतायत, ड्रायव्हरचे गाल हलतायत.

दुपारी गाड्या दुरुस्त करतात त्या भागात गेलो. एक म्हातारबुवा, ऐंशीच्या आसपासचे, प्लग पुसत बसले होते. काळे हात, खांद्यावर फडकं. मुलाकरवी विचारलं, "यातलं मूळचं किती आहे?" ते हसले. इंजिनाचा ब्लॉक नव्याने ओतलेला, पत्रा दोनदा बदललेला, चाकं तर कितवी कोण जाणे. "मग ही जुनी कशी?" ते म्हणाले, "ही चालायची थांबलीच नाही ना." आणि शर्यतीत ठोकली तर? "पुन्हा बांधू."

त्यांच्या हातांचा फोटो घेतला आणि बाजूला येऊन उभा राहिलो. मुलाला वाटलं थकलो.

अण्णांकडे 1967 ची फियाट होती. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली, स्टिअरिंगपाशी गिअर असलेली. अण्णांनी ती सेकंडहँड घेतली आणि वीस-बावीस वर्षं चालवली. त्यांचे हात रविवारी असेच काळे असायचे. शेवटी इंजिन बसलं आणि ती अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. ते रोज फडकं मारायचे. आम्हाला खोल्या वाढवायच्या होत्या, जागा तीच होती. मी तेव्हा एका रोलिंग मिलमध्ये वजनकाट्यावर होतो. दिवसभर ट्रकच्या ट्रक भंगार तोलायचं, भट्टीत जाताना बघायचं. आमच्या जालन्याच्या सळया अशाच तर होतात. लोखंडाकडे किलोवारी बघायची सवय लागते माणसाला. 1998 साली, म्हणजे तिकडे गुडवुड पुन्हा सुरू झालं त्याच वर्षी, अण्णा गावी गेलेले असताना मी फियाट विकली. भंगारात. साडेआठशे किलो भरली.

अण्णा परत आले, रिकाम्या शेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं केलंस, जागा झाली." बस. त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर त्यांच्या डायरीत एक फोटो सापडला. शाळेत असताना मी अ‍ॅग्फा क्लिक थ्रीने काढलेला. कडुनिंब स्पष्ट, कंपाउंड स्पष्ट आणि मधून जाणारी फियाट म्हणजे नुसता पांढरा फराटा. तेव्हा मी तो फाडून टाकणार होतो. अण्णा म्हणाले होते, "राहू दे. गाडी चालू होती, म्हणून हलली." फियाटचा तेवढा एकच फोटो आहे.

खोल्यांच्या स्लॅबला सळई जालन्याचीच वापरली, त्याच साली. त्या भट्टीतून कुणाचं काय कुठे गेलं ते कुणालाच सांगता येत नाही. पण उन्हाळ्यात रात्री गच्चीवर झोपलो की कधी कधी वाटतं, असेलही खाली.

असो. ई.आर.ए.चा फोटो मोठा करून आणलाय, पण हॉलमध्ये लावलाय तो कडुनिंबाचा. परवा शेजारच्या नातवाने विचारलं, "आजोबा, यात गाडी कुठंय?" मी बोट ठेवून दाखवली.