दोन फाटकी पुस्तके

माझ्या आपाकडे एक विचित्र पुस्तक आहे. दोन फाटक्या प्रती जोडून ते एक झाले आहे. मी पाचवीत असताना अब्बांनी कारंज्याच्या बाजारातून एका उर्दू कथेच्या दोन जुन्या प्रती आणल्या. दोन्हींची पाने निखळलेली होती. उंदरांनी कोपरे कुरतडल्यामुळे पानांचे आकडेही गेले होते.

आपाने दोन्ही प्रतींत सारखी वाक्ये शोधली आणि त्यांच्या आधाराने पाने लावली. एकीत नसलेले पान बहुधा दुसरीत सापडे. एके ठिकाणी मात्र दोन्हींत पान नव्हते. तेथे तिने कोरा कागद शिवला. मी त्यावर पेन्सिलने माझीच गोष्ट लिहून टाकली. आपा फार रागावली.

गेल्या वर्षी नववीला सागरतळ शिकवताना हे पुस्तक आठवले. मी मुलांना २०१५ सालची एक मोहीम सांगत होतो. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे जहाज अरबी समुद्रात गेले होते. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी धनंजय पांडे हे गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे होते. साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखालच्या गाळात नळी घालून, उसाच्या कांड्यांसारखे गाळाचे तुकडे वर काढत. एक कांडी साधारण साडेनऊ मीटरची. पण जहाज लाटांवर हलते आणि दोन कांड्यांमधला थोडा गाळ सुटतो. त्या थोड्या गाळात हजारो वर्षांच्या पावसाळ्यांच्या खुणा असू शकतात. पावसाची वाट पाहणाऱ्या आम्हा वाशीमकरांना त्याचे मोल सांगायला नको.

म्हणून शेजारीच दुसरे छिद्र पाडतात. त्यातल्या कांड्या थोड्या वेगळ्या खोलीवरून सुरू करतात, म्हणजे पहिल्यातला खंड दुसऱ्यात भरून निघतो. पण जोडायचे कसे? लाटांमुळे मोजलेली खोलीही नेमकी नसते. मग गाळाचा रंग आणि त्याचे चुंबकीय गुण थोड्या थोड्या अंतरावर मोजून आलेख काढतात. दोन आलेखांतले चढउतार जुळले की थर तोच. मग कांड्या वर-खाली सरकवून सर्वांची मिळून एकच सलग खोली मांडतात. आपाने वाक्ये जुळवली, यांनी चढउतार!

तेथे एक गंमतही निघाली. खोलवर तीनशे मीटरांहून जाड असा थर लागला, जो हळूहळू साचलेला नव्हता. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिमेकडील समुद्रातला उतार ढासळून तो एकदम आला होता. जणू दुसऱ्याच पुस्तकाची पाने मध्ये शिवली गेली.

एका मुलीने विचारले, “सर, सगळ्याच छिद्रांत खंड एकाच जागी आला तर?”

“मग ती जागा रिकामी दाखवतात,” मी म्हणालो, आणि गप्प झालो.

बी.एड. करताना मला ग्रंथालयात त्या कथेची पूर्ण प्रत मिळाली होती. माझ्या पानात नावाडी बुडतो. खऱ्या पानात तो पैलतीराला पोहोचतो. तोवर मीही त्याला बुडालेलाच समजत होतो! ते पान मी उतरवून घेतले, पण लाजेने आपाला कधी सांगितले नाही.

शाळा सुटल्यावर अकोल्याला आपाला फोन केला आणि सगळे सांगितले. ती क्षणभर बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, माझ्या मुलांना मी तुझेच पान वाचून दाखवले. धाकटी त्या नावाड्यासाठी रडली होती. थांब, तिला बोलावते.”

मी वहीतले पान काढून वाट पाहू लागलो.