निळी ज्योत नसलेलं घर

साताऱ्याहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या आईने पहिल्याच सकाळी ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलथन्याने परतली. मग नेहमीच्या सवयीने तवा बाजूला करून भाकरी आचेवर शेकायला गेली, तर आच नव्हतीच. खाली गुळगुळीत काळी काच. तवा उचलल्याबरोबर शेगडी एकदा बारीक वाजली आणि बंद पडली.

“अगं, इथं गॅस येत नाही का?”

लेकीने दाराजवळचा मीटरचा कप्पा उघडून दाखवला. विजेचा मीटर, पाण्याचा मीटर, इंटरनेटची डबी. गॅसची नळी त्या घरात आलेलीच नव्हती.

घर अॅमस्टेलवेनमधलं, म्हणजे अॅमस्टरडॅमला अगदी खेटून असलेल्या गावातलं. इथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी आहे आणि नव्या इमारतींत राहायला गेलेल्या मराठी घरांमध्ये हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडतोच. १ जुलै २०१८ नंतर ज्या नव्या घरांसाठी बांधकाम परवान्याचा अर्ज झाला, त्यांना मोजके अपवाद वगळता गॅसची जोडणी द्यायची नाही, असा नेदरलँड्सचा कायदा आहे. त्यामुळे स्वयंपाक विजेच्या इंडक्शन शेगडीवर होतो आणि गावाहून आणलेला अॅल्युमिनियमचा कुकर इथे निरुपयोगी ठरतो. तळाला चुंबक चिकटेल तेच भांडं चालतं. घरचा जुना लोखंडी तवा सपाट असेल तर मजेत चालतो, गोल बुडाची कढई मात्र माळ्यावर जाते.

या देशाने गॅस सोडावा, ही साधी गोष्ट नाही. १९५९ साली उत्तरेकडच्या ग्रोनिंगेन प्रांतात, स्लोख्टरेनजवळ, सुमारे २,८०० अब्ज घनमीटर गॅसचा साठा सापडला. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशभर रस्ते उकरून नळ्या टाकल्या गेल्या, कोळशाच्या शेगड्या गेल्या आणि कालांतराने दहातली नऊहून अधिक घरं गॅसवर तापू लागली. सरकारी तिजोरीत काही दशकांत सुमारे ३६० अब्ज युरो आले. आणि ज्यांच्या पायाखालून तो गॅस काढला, त्यांची जमीन खचू लागली, हलू लागली. १६ ऑगस्ट २०१२ रोजी हाउझिंगे या खेड्याजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला. आकडा लहान वाटतो, पण हे धक्के जमिनीत फार खोलवर नसतात आणि तिथली विटांची घरं त्यासाठी बांधलेलीच नव्हती. भिंतींना भेगा गेल्या, कित्येक घरं लाकडी टेकू लावून उभी ठेवावी लागली, आणि भरपाईच्या अर्जांमध्ये माणसांची वर्षंच्या वर्षं गेली. ग्रोनिंगेनच्या लोकांच्या हिताकडे सातत्याने दुर्लक्ष झालं, असं संसदेच्या चौकशी समितीने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट लिहिलं. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला तिथलं उत्पादन थांबलं.

मीटरच्या त्या कप्प्यातल्या रिकाम्या जागेला हा इतिहास आहे. ती रिकामी राहिली, हे योग्यच झालं.

गॅस नाही, तर घर तापतं कसं? फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. हीट पंप तेच उलटं करतो. बाहेरच्या गार हवेतली किंवा जमिनीतली उष्णता गोळा करून तो आत आणतो, आणि एक युनिट विजेत साधारण तीन-चार युनिट ऊब देतो. पण जुन्या बॉयलरसारखं कढत पाणी देणं हे त्याचं काम नव्हे. फरशीखालच्या नळ्यांतून जेमतेम ३५ अंशांचं पाणी फिरतं, आणि तेवढ्यावर घर उबदार राहायचं तर भिंती जाड, काचा दुहेरी-तिहेरी आणि फटी बुजवलेल्या हव्यात. म्हणून १ जानेवारी २०२१पासून लागू झालेली डच मानकं तीन गोष्टी मोजतात: इमारतीला मुळात ऊर्जा किती लागते, त्यातली जीवाश्म इंधनाची किती, आणि सूर्य-वाऱ्यासारख्या स्रोतांचा वाटा किती.

घट्ट बंद घरात हवा यंत्राने खेळवतात. बाहेर जाणारी हवा आपली ऊब आत येणाऱ्या ताज्या हवेला देऊन मगच बाहेर पडते. मोहरी-हिंगाच्या फोडणीचा खकाणा मात्र त्या यंत्राला पेलवत नाही. शेगडीवरची चिमणी बऱ्याच नव्या घरांत धूर बाहेर न टाकता कोळशाच्या फिल्टरमधून गाळून हवा पुन्हा घरातच सोडते. मिरचीच्या ठेच्याचा वास दोन दिवस पडद्यांत राहतो. हे नियम लिहिताना रोज फोडणी देणारी स्वयंपाकघरंही डोळ्यांसमोर असायला हवीत. तीही आता याच शहराची आहेत.

युरोपीय संघाने २०२४ साली इमारतींचा जो सुधारित निर्देश काढला, तो याच वाटेने जातो. २०२८पासून नव्या सरकारी इमारती आणि २०३०पासून सगळ्याच नव्या इमारती शून्य-उत्सर्जन असाव्यात, तिथे जागेवर जीवाश्म इंधन जळू नये. चांगलंच आहे. पण अॅमस्टरडॅमची खरी परीक्षा नव्या घरांत नाही, जुन्यांत आहे. २०४०पर्यंत शहर गॅसमुक्त करायचं उद्दिष्ट महापालिकेने ठेवलं, आणि कालव्यांकाठी शेकडो वर्षांची संरक्षित घरं आहेत, जिथे खिडकीची काच बदलायलाही बऱ्याचदा परवानगी लागते. देशाचं वीजवाहिन्यांचं जाळं आधीच इतकं भरलेलं आहे की नव्या जोडण्यांना ताटकळावं लागतं. त्यात धोरण डळमळतं: २०२६पासून जुना बॉयलर बदलताना निदान हायब्रिड हीट पंप बसवावा, हा ठरलेला नियम २०२४च्या नव्या सत्ताधारी आघाडीने रद्द केला. ती चूक होती. बॉयलर एकदा बसला की पंधरा वर्षं हलत नाही.

जुन्यावर उपाय नाही असंही नाही. घराचं बारकाईने मोजमाप घ्यायचं, कारखान्यात खिडक्यांसकट नवी भिंत आणि छप्पर तयार करायचं, आणि काही दिवसांत ते जुन्या घरावर अंगरख्यासारखं चढवायचं. भाडेकरूने घर सोडायचं नाही. ‘एनर्जीस्प्रोंग’ नावाची ही पद्धत नेदरलँड्समध्येच जन्मली आणि पुढे फ्रान्स-ब्रिटनपर्यंत गेली. २०१३ साली १,११,००० घरांचा करार झाला होता. प्रत्यक्षात काम त्याच्या जवळपासही पोचलं नाही. खर्च उतरला नाही, वेग आला नाही. परिणाम असा की चांगल्या पगारावर आलेला परदेशी अभियंता नव्या इमारतीत अनवाणी फिरतो, आणि चाळीस वर्षं एकाच घरात राहिलेला भाडेकरू स्वेटरवर स्वेटर चढवतो. सरकारचा पैसा आधी या दुसऱ्या घरात जायला हवा.

लेक नव्या घरात येण्याआधी अॅमस्टरडॅमच्या पश्चिम भागात अशाच एका जुन्या इमारतीत राहायची. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी २०२२च्या हिवाळ्यात, गॅसचे दर भडकले तेव्हा, एकच खोली तापवून दिवस काढले होते. त्यांच्या इमारतीच्या नूतनीकरणाचं पत्र आता आलं आहे. दहा किंवा अधिक घरांच्या इमारतीत असं काम करायचं तर सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागते. बाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आहे, भाडं किती वाढेल त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आहे.

एका रविवारी मायलेकी त्यांना भेटायला गेल्या, सोबत डब्यात ज्वारीचं पीठ. स्वयंपाकघरात जुनी गॅसची शेगडी होती. आईने तिथेच भाकरी थापली, तव्यावरून काढली आणि चिमट्याने निळ्या ज्योतीवर धरली. भाकरी टम्म फुगली. बाईंनी टाळ्या वाजवल्या. खिडकीच्या एकेरी काचेवर आतून पाणी साचून खाली ओघळत होतं. बाईंनी चौकटीवरचा भिजलेला टॉवेल उचलून पिळला, पुन्हा जागेवर ठेवला आणि टेबलावरचं पत्र ओलं होऊ नये म्हणून बाजूला सरकवलं. सहीची जागा अजून कोरी होती.