इरकलवाल्याची वही

१९७२ सालच्या चैत्रात आमच्या जत्रंला तंबूतली टॉकीज आली आणि तिच्यात 'आँखें' लागला. रामानंद सागर यांचा हा पिक्चर १९६८ सालचा. शहरात तो कधीच होऊन गेला होता. आमच्याकडं रिळं यायला चार वर्षं लागली. पडद्याच्या एका अंगाला गडी, दुसऱ्या अंगाला बाया, बुडाखाली माती. मी बारा वर्षांचा होतो.

बांगलादेशची लढाई नुकती डिसेंबरात संपलेली. चावडीतल्या रेडिओच्या बातम्या अजून कानात होत्या. त्यात हा पिक्चर. आसामात घातपात होतात, माणसं मरतात आणि धर्मेंद्र दुश्मनाचे हस्तक हुडकत थेट बैरूतला जातो. बैरूत कुठं आहे हे आम्हाला ठावं नव्हतं. पण हेर कसा असतो ते आता पक्कं ठावं झालं. अनोळखी, गप्पगप्प, वहीत काहीबाही लिहिणारा.

जत्रा उठल्यावर चारच दिवसांत असा माणूस गावात आला. कुणाचं घर कुठलं, असं मोडक्या मराठीत विचारायचा आणि वहीत खुणा करायचा. आम्ही तिघं पोरं त्याच्या मागं लागलो. देवळात तो झोपला तेव्हा मी वही उघडून बघितली. अक्षर कळंना. मी पळत तालमीत गेलो आणि सांगितलं, "हेर घावला."

तालमीतल्या पोरांनी त्याला विचारलं कमी आणि मारलं जास्त. वही ओढ्यात गेली. दंगा ऐकून आमचे आण्णा आले, मधी पडले. त्यांनी त्याला पाणी पाजलं. मग उलगडा झाला. दरसाल इरकली लुगडी उधारीवर देणारा म्हातारा आजारी होता. त्यानं धाकट्या भावाला वसुलीला धाडलं होतं. अक्षर कानडी होतं. वहीत आमच्याच घरांची बाकी होती.

तो त्याच रात्री निघून गेला. परत ना तो आला, ना म्हातारा.

आण्णांनी मला मारलं नाही. एवढंच म्हणाले, "पिक्चर नीट बघितला न्हाईस तू."

ते का म्हणाले, हे मला फार उशिरा उमगलं. पुढं मोठेपणी तोच पिक्चर टीव्हीवर लागला. त्यात ललिता पवार आहेत, आपल्या येवल्याच्या. त्या नात्यातली बाई बनून घरात शिरतात आणि घरचे त्यांना आपलं माणूस समजतात. म्हणजे दुश्मन परका दिसत नव्हता, आपल्यातलाच दिसत होता. अख्ख्या तंबूनं हे बघितलं होतं, मीही बघितलं होतं. तरी आम्ही हुडकायला गेलो तो परक्या बोलीचा माणूस.

आईकडं लुगड्याचे सात रुपये राहिले होते. तिनं ते फडक्यात बांधून उतरंडीच्या मडक्यात ठेवले. पुढं किती अडचणी आल्या, पण त्या गाठीला तिनं हात लावला नाही. दर चैत्रात म्हणायची, "यंदा यील बघ."

ती गेल्यावर मडकी उतरवली तेव्हा गाठ सापडली. मी ती सोडली नाही. पैसे कुणाचे ते माहीत आहे. द्यायचे कुठं, ते लिहिलेलं पान मीच ओढ्यात घालवलं.