अंगणातील झाकण

राजारामपुरीतील आमच्या घराच्या मागील अंगणात, पेरूच्या झाडाखाली, दोन मोठ्या शहाबादी फरशा होत्या. त्यांवर खेळायचे नाही, असा आजीचा दंडक होता. आम्ही भावंडे पेरू काढताना त्या फरशा ओलांडून उडी मारीत असू. खाली काय आहे हे ठाऊक होते, पण त्याचे नाव घरात कोणी घेत नसे. फारच गरज पडली तर आजी ‘मागची टाकी’ म्हणे आणि लगेच विषय बदले.

राजारामपुरी ही राजाराम महाराजांच्या काळात आखून वसविलेली वस्ती. सरळ रस्ते, क्रमांक दिलेल्या गल्ल्या, पुढे बाग आणि मागे परसू असलेली घरे. पत्ता सांगताना आठवी गल्ली, अकरावी गल्ली असा आकडा सांगितला की टांगेवाला अचूक दाराशी आणून सोडी. त्या नीटनेटकेपणाचा आम्हाला अभिमान होता. परंतु प्रत्येक घराला जसे दर्शनी दार असते, तसे एक झाकणही असते. दारावर आपण नावाची पाटी लावतो. झाकणावर कुंडी ठेवून देतो.

या लेखात मला त्या झाकणाविषयी लिहायचे आहे. विषय तिमाहीच्या पानांना शोभणारा नाही, याची मला जाणीव आहे. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

1984 सालच्या जून महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतर, आमची टाकी तुंबली. न्हाणीघराच्या मोरीतून घाण पाणी उलटे वर येऊ लागले. ती शेवटची कधी उपसली होती हे वडिलांनाही आठवेना. कोणीतरी दोन माणसांचा ठावठिकाणा सांगितला. ती संध्याकाळी येऊन टाकी पाहून गेली. त्यांतला वयस्क होता तो म्हणाला, “मालक, टाकी गच्च भरलीया. दिवसा शेजारची बोलत्यात. राती येतो.”

रात्रीची रोझरी आटोपून आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा ते आले. दोन बादल्या, एक कंदील, एक कासरा. वडिलांनी व्यवहार ठरवला आणि आजीने मागचे दार आतून लावून घेतले. मी तेव्हा कॉलेजात होतो. खिडकीच्या फटीतून पाहत राहिलो. फरशी सरकवल्यावर त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग तरुण होता तो कमरेला कासरा बांधून खाली उतरला. बादल्या वर येऊ लागल्या. पेरूपलीकडे खणलेल्या खड्ड्यात वयस्क माणूस त्या रित्या करी. दहा-बारा बादल्यांनंतर पुढची बादली वर आलीच नाही. वयस्क माणसाने हाक मारली. पुन्हा मारली. मग त्याने बादली टाकली आणि दोन्ही हातांनी कासरा ओढू लागला.

मी दार उघडून धावलो, असे लिहिता आले असते तर मला आवडले असते. मी खिडकीतच उभा होतो. वडील धावले. दोघांनी मिळून त्याला वर ओढले. तो ओल्या पोत्यासारखा फरशीवर पडला. काही वेळाने त्याने मोठा श्वास घेतला, कुशीवर वळला आणि ओकला. त्यानंतर अर्धा तास तो पेरूला टेकून बसून होता. मग उरलेले काम पुरे करण्यासाठी तो पुन्हा उतरायला निघाला, तेव्हा मात्र वडिलांनी त्याला अडविले.

आजीने चहा केला. साखर सढळ हाताने घातली, आले ठेचून घातले. आणि तो चहा तिने मोरीजवळच्या कोनाड्यात पालथ्या ठेवलेल्या, कान तुटलेल्या दोन कपांत ओतला. ते कप त्याच कामासाठी होते. चहा पिऊन झाल्यावर त्या माणसांनी ते स्वतः नळाखाली धुतले आणि पुन्हा कोनाड्यात पालथे ठेवले. कोठे ठेवायचे हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

आजी दुष्ट नव्हती. दारी आलेल्याला तिने कधी विन्मुख पाठविले नाही. आपल्या घरात जातपात नाही, असे ती छातीठोकपणे सांगे, आणि ते ती मनापासूनच सांगे. कोनाड्यातले कप तिला कधी दिसलेच नाहीत. मला ते त्या रात्री दिसले, आणि मी काहीही बोललो नाही. ज्या कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे दुकान काढले आणि तेथे कोणी सवर्ण फिरकेना म्हणून शाहू महाराजांनी स्वतः सर्वांसमक्ष तेथील चहा घेतला, त्याच कोल्हापुरातली ही गोष्ट. महाराज जाऊन तेव्हा बासष्ट वर्षे झाली होती.

पुढे वडील गेले, आजी गेली, घर माझ्याकडे आले. टाकी अधूनमधून उपसली जाई. मी त्या दिवशी कामावर असे. असेन अशी व्यवस्था करी, हे अधिक खरे. पैसे पत्नीजवळ ठेवून मी निघून जात असे.

2018 साली धाकट्या भावाच्या मुलाने आम्हा उभयतांना अमेरिकेस बोलाविले. तो मिशिगन राज्यात राहतो. त्याच्याकडे मोटारीमागे जोडायचे एक चाकांवरचे घर आहे. त्यात ओटा, पलंग, न्हाणी, संडास सर्व काही. आम्ही चार दिवस एका तळ्याकाठी त्या घरात राहिलो. निघायच्या दिवशी सकाळी पुतण्या हातात जाड रबरी मोजे घालून बाहेर आला आणि म्हणाला, “काका, जरा मागे सरका. टाक्या रिकाम्या करायच्या आहेत.”

मला वाटले, त्यासाठी कोणी माणूस येत असेल. कोणी येत नसते. तळाच्या एका कोपऱ्यात जमिनीत पाइप बसविलेली जागा असते. तेथे गाडी नेऊन प्रत्येकाने आपले काम आपणच करायचे असते. आमच्यापुढे रांगेत एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ होते. ते निवृत्त डॉक्टर असल्याचे पुतण्याने नंतर सांगितले. तेही मोजे घालून वाकले होते.

त्या घराखाली दोन टाक्या असतात. एक ओट्याच्या व न्हाणीच्या पाण्याची, दुसरी संडासाची. पुतण्याने मला त्यातले शास्त्र समजावून दिले. आधी संडासाची टाकी रिकामी करायची, मग न्हाणीची, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. मुक्कामात संडासाच्या टाकीची झडप कधी उघडी ठेवायची नाही. ठेवली तर पाणी निघून जाते, घट्ट मैल्याचा ढीग मागे राहतो आणि वाळून दगड होतो. टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच सोडायची, म्हणजे पाण्याच्या जोराने सारे वाहून जाते. रिकामी झाल्यावर तळाशी थोडे स्वच्छ पाणी घालून ठेवायचे. आत किती भरले हे दाखविणारे दिवे असतात, पण कागद चिकटला की ते खोटे बोलतात. त्यावर विसंबायचे नाही. पंधरा मिनिटांत काम संपले. त्याने मोजे काढले, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले आणि पत्नीने दिलेली कॉफी, तिच्या नेहमीच्याच कपातून, उभ्याउभ्या प्यायला.

त्या कपाकडे मी इतका वेळ का पाहत राहिलो, ते त्याला कळले नसावे.

अमेरिकेत सगळे चांगले, असे मला म्हणायचे नाही. तेथेही कष्टाची कामे कोणाच्या वाट्याला येतात हे दिसतेच. मला एवढेच दिसले, की ज्याची घाण त्याने वाकून सोडली तर टाकी वेळेवर रिकामी होते, आणि ती नीट राखण्याची अक्कलही त्याला येते. आमच्या घरात ते काम दुसऱ्याचे होते, म्हणून त्याविषयी आम्हाला ज्ञानही नव्हते.

परत आल्यावर मी वाचू लागलो. या टाकीचा जनक म्हणून फ्रान्समधील झाँ लुई मुरास या गृहस्थाचे नाव घेतले जाते. 1860 च्या सुमारास त्याने आपल्या घराचे सांडपाणी एका बंद टाकीत सोडले. सुमारे बारा वर्षांनी ती उघडून पाहिली, तर घट्ट मैला जवळजवळ उरलाच नव्हता. हे कोडे उलगडण्यास त्याला साहाय्य केले ते एका धर्मगुरूने. आबे मोयनो हे विज्ञानविषयक नियतकालिक चालविणारे विद्वान होते. त्यांच्याशी विचारविनिमय करून मुरासने 1881 साली या शोधाचे पेटंट घेतले. पुढे 1895 च्या सुमारास इंग्लंडमधील एक्सेटर शहराच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांनी तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. ज्या विषयाचे नाव आमची आजी घेत नसे, त्यावर एका पाद्रीबुवांनी लेख छापले होते, हे वाचून मला आजीची फार आठवण झाली.

टाकीत काय घडते ते साधे आहे. जड मैला तळाशी बसतो, तेलकट भाग साय होऊन वर तरंगतो आणि मधले पाणी पुढे जाते. हवेवाचून जगणारे सूक्ष्म जीव तो मैला हळूहळू पचवितात. पण सारेच पचत नाही, गाळ उरतो. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी तो उपसावा लागतो. नाही उपसला तर टाकी ही केवळ नावाची टाकी राहते. आत आलेली घाण जशीच्या तशी गटारात जाते, गटारातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत. आपल्या शहरातील नाल्यांचे पाणी जयंती नाल्यावाटे पंचगंगेला मिळत आले. कसबा बावडा येथे दररोज 7 कोटी 60 लाख लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभारले गेले ते याचसाठी. खालच्या अंगाला इचलकरंजीत 2012 साली काविळीची भयंकर साथ आली, माणसे दगावली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा तो परिणाम होता. नदी खाली वाहते, तशी आपली हयगयही खाली वाहते.

सूक्ष्म जीव मैला पचविताना वायू सोडतात. त्यांपैकी हायड्रोजन सल्फाइड हा सर्वांत कपटी. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. म्हणजे वास थांबला म्हणून माणूस निर्धास्त होतो, त्याच क्षणी तो मरणाच्या दारात असतो. हवेहून जड असल्याने हा वायू तळाशी साचून राहतो. गाळ ढवळला की उसळून वर येतो. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो, आणि तोही जातो. 1984 सालच्या त्या रात्री आमच्या अंगणात काय घडले होते, ते मला चौतीस वर्षांनी कळले. विज्ञानाने, कायद्याने किंवा आमच्या सद्भावनेने तो तरुण वाचला नव्हता. त्याच्या जोडीदाराने आठवणीने कासरा आणला होता, म्हणून तो वाचला.

2013 सालच्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला अशा टाकीत उतरविणे हा गुन्हा ठरविला. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही बंदी केवळ संस्थांना नाही. कोणत्याही व्यक्तीला, म्हणजे घरमालकालाही आहे. अशा कामात मरण पावलेल्यांच्या कुटुंबीयांना दहा लाख रुपये द्यावेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2014 मध्ये दिला; ऑक्टोबर 2023 मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, यातच सारे आले.

2019 सालच्या आरंभी मी मैला उपसणारी गाडी बोलाविली, आणि या वेळी घरीच थांबलो. कुंड्या मी स्वतः हलविल्या. फरशा पहारेने उचकटून थोडा वेळ उघड्या ठेवल्या, आसपास कोणाला विडीही पेटवू दिली नाही, कारण आतला मिथेन पेट घेतो. गाडीची जाड नळी आत सोडली गेली. कोणीही खाली उतरले नाही. तळाचा थोडा गाळ मुद्दाम ठेवला, म्हणजे सूक्ष्म जीवांचा वंश राहतो. वायू बाहेर जाण्याच्या नळीची जाळी गंजली होती, ती बदलली. फिनेल आणि तेजाब संडासात ओतणे त्या दिवसापासून बंद केले. त्याने आतले जीवच मरतात. उपसलेला मैला कोठे जाणार, हेही विचारून घेतले. विजेच्या मीटरच्या पेटीत आतल्या बाजूस मी खडूने तारीख लिहिली. आता तेथे तीन तारखा आहेत: 2019, 2022 आणि 2025.

काम झाल्यावर पत्नीने चहा आणला. आम्ही पाहुण्यांना देतो त्या कपांतून. गाडीवरची दोन माणसे ओसरीच्या पायरीवर बसली, मीही शेजारी बसलो. मग मी त्यांतल्या तरुणाला त्याचे नाव विचारले.

त्याने कप खाली ठेवला. “नाव कशाला पायजे, साहेब? काय चुकलं का आमचं? तक्रार करनार हाईसा?”

नाव विचारणे म्हणजे तक्रार, एवढेच त्याला आजवरच्या दारांनी शिकविले होते. मी म्हणालो, “तक्रार नाही. चहा बरोबर पितोय, म्हणून विचारले.” त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले, मग आपले नाव सांगितले. पुढच्या दोन्ही खेपांना तोच आला.

ते नाव येथे छापण्याचे कारण नाही. पण ते मला ठाऊक आहे. पेरूला टेकून बसलेल्या त्या दुसऱ्या तरुणाचे नाव मात्र आमच्या घरात कोणी विचारले नव्हते, आणि आता विचारायला कोणी उरलेले नाही. कोनाडा मी विटा लावून बुजवून टाकला आहे. तरी न्हाणीकडे जाताना, सवयीने, नजर तिकडे जातेच.